भाऊंची सभा आणि अक्कांचा तांब्या

‘अनुभव’ म्हटलं की तुम्ही सरसावून बसला असाल. आता पांढऱ्या दाढीचा म्हातारा येणार, डोक्यावर हात ठेवणार, आणि वळून बघतो तर गायब! माझ्या अनुभवात म्हातारी आहे. गायब मी झालो, आणि त्याबद्दल तिनं मला चांगलंच झापलं. पण ते शेवटी.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास आमच्या वस्तीचे पुढारी भाऊ निवडणुकीला उभे राहिले. त्याआधी माणसाचं सगळं तारुण्य मोर्चे, कोर्ट आणि पोलिसांच्या गाडीत गेलेलं. धरणगावजवळच्या आमच्या गावात वरच्या आळीतले लोक आम्हा बौद्धांना चौकातल्या नळावर पाणी भरू देत नसत. भाऊंनी भांडून तो नळ मोकळा केला. प्रचाराच्या जीपमध्ये मात्र भाऊ पाहुण्यासारखे बसायचे, दार कुठून उघडायचं तेच त्यांना सापडायचं नाही. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. आधी खोकला, मग चष्मा वर, मग ‘तर आयाबहिणींनो...’ भाऊ पोट धरून हसायचे. म्हणून ते येईपर्यंत माइकवर सभा धरून ठेवायचं काम माझं.

त्या दिवशी सभा त्याच नळाच्या चौकात होती. भाऊ पलीकडच्या गावची सभा आटोपून येणार होते. उन्हं कलली तरी पत्ता नाही. तेवढ्यात कुणीतरी आवई उठवली, की वरच्या आळीवाल्यांनी भाऊंना रस्त्यात गाठून मारलं. आमच्या पोरांच्या हातात दगड आले, समोर त्यांची पोरं काठ्या घेऊन उभी. मधे जमिनीवर बाया आणि लेकरं, पहिल्या रांगेत माझी आई. आपल्या हातून पहिला दगड जायचा नाही, हे भाऊ जन्मभर सांगत आले होते. तो आता जाणारच होता.

मी ठरवलं, स्टेजमागच्या पडद्याआडून भाऊंच्या आवाजात हुकूम सोडायचा, ‘बसा खाली!’ खोकला आला, पण पुढे काहीच नाही. घशात नुसती वाळू. मनात म्हणालो, मला जमत नाही, आता तूच बघ. हे कुणाला म्हणालो ते मला आजही सांगता यायचं नाही, आमच्या घरात देव नाहीत.

तेव्हा पडद्याच्या कडेनं एका म्हातारीनं तांब्या पुढे केला. “घसा सुकी गया तुना. पाणी पे. नि भाऊनी नक्कल नको करू, तुना आवाजमा बोल.”

मी घटाघटा प्यायलो. पण माझ्या आवाजात मला येतं तरी काय? आई रोज संध्याकाळी म्हणून घ्यायची तेवढंच. मी त्रिसरण सुरू केलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि...’ आवाज चिरका, बेसूर. आमच्यात त्रिसरण सुरू झालं की माणसं आपोआप उठून हात जोडतात. आणि हात जोडायचे तर दगड खाली ठेवावा लागतो. धप्प, धप्प, एकेक पडू लागला. समोरच्यांच्या काठ्याही उतरल्या. प्रार्थना करणाऱ्या बायांवर काठी कशी उगारायची, त्यांनाही कळेना. पंचशील संपत नाही तोच कापसाचा ट्रॅक्टर फटफटत आला, वर भाऊ बसलेले, केसांत कापूस! जीप बंद पडली होती, बस्स.

मला शंभर आवाज काढता येतात. त्या दिवशी ते सगळे कुणीतरी काढून घेतले आणि उरलेल्या एकानं काम झालं. त्यात माझी काही हुशारी नव्हती. आपण हात टेकले की दुसरा कुणीतरी हात पुढे करतो, एवढं मी तेव्हापासून मानतो.

सभा संपल्यावर मी भाऊंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “भाऊ, साक्षात चमत्कार!”

भाऊंनी चष्मा वर केला. “चमत्कार कसला, बावळटा? बाईनं तहानलेल्याला पाणी दिलं. तो तांब्या अजून तुझ्याच काखेत! आत्ताच पंचशील म्हटलंस ना? चोरीबद्दल काय आहे त्यात?”

तांब्यावर नाव कोरलेलं होतं. वाचलं आणि पुन्हा वाचलं. वरच्या आळीतलं, पाटलांचं घर! आम्हाला नळावरून हाकलण्यात सगळ्यात पुढे असलेलं.

मी तांब्या घेऊन तिथं गेलो, तर ती म्हातारी, म्हणजे पाटलांच्या अक्का, ओट्यावरच होत्या. दारात सुना, पोरं, शेजारी. मी तांब्या खाली ठेवला आणि मागे सरलो. आता त्यावर पाणी ओतून घेतील, राखेनं घासतील. अक्कांनी तो उचलला, तसाच माठात बुडवला, सगळ्यांदेखत तोंडाला लावून रिकामा केला, आणि मग मला धरलं.

“मना तांब्या लिसन कोठे पळना व्हता रे, मेल्या? तहान लागनी ना माले!”