कपाटाच्या दोन बाजूंना बसणारे एकच साहेब

मंडळी, आत्ताच दुकान बंद केलंय. डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

आपल्या नगरपंचायतीने परवाने आणि अतिक्रमण हे एकत्र असलेलं खातं फोडून दोन वेगळे विभाग केले. कारभार सुधारणार म्हणे. खोली तीच राहिली, मधे एक कपाट आडवं लावलं. माणसं कमी, म्हणून दोन्हीकडे साहेबही एकच.

माझ्या कापडदुकानासमोर घाटघरच्या हिरामावशी करटुली विकायला बसतात. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. आज सकाळी त्यांनी रीतसर परवाना काढला, साहेबांनी सही केली. दुपारी तेच साहेब अतिक्रमणाची गाडी घेऊन आले आणि मावशींची करटुलीची पाटी उचलून नेली.

मी मावशींना घेऊन कचेरीत गेलो, परवाना पुढे केला.

"हा परवाना विभागाचा कागद झाला," साहेब म्हणाले. "अतिक्रमणाकडं अजून कळवलेलं नाय. तिकडं अर्ज द्या."

अर्ज लिहिला. साहेब उठले, कपाटाला वळसा घालून पलीकडच्या, अतिक्रमणाच्या खुर्चीत बसले आणि अर्जावर शिक्का मारला. सात दिवसांत उत्तर येईल म्हणाले. बाहेर आवारात एक शेळी मावशींच्या पाटीत तोंड घालून निवांत करटुली खात होती.

मावशींनी हात जोडले. "सायेब, सकाळचं सायेब लई चांगलं व्हतं. त्यास्नी तेवढं सांगा, ते पाटी सोडवत्याल."

"सांगतो," साहेब म्हणाले.

सगळी कचेरी हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

तुम्हीही आत्ता हसलात ना?