मागचं पान

उमेदवारी अर्ज भरताना शाईच्या पॅडचा वास आला आणि रत्नागिरीतल्या आमच्या लॉ कॉलेजचं कॅन्टीन आठवलं. तिथल्या काकूंनी कर्जाचा कागद माझ्यापुढे ठेवला होता. "सर, तुम्ही कायदा शिकवता, एवढं बघा." कढईत वडे तळत होते, तासाची घंटा झालेली. मी पुढचं पान वाचलं नि म्हटलं, "उठवा अंगठा, काही नाही त्यात." राहतं घर तारण असल्याची अट मागच्या पानावर होती. हप्ते थकले, घर गेलं. मी पान उलटलंच नव्हतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही. आता 'वाचल्याशिवाय सही नको' म्हणत मी गावोगाव मतं मागतो, आणि हातखंब्याच्या सभेत पहिल्या रांगेतल्या काकू शेजारणीला अभिमानाने सांगतात, "माझा कागद सरांनीच वाचला होता गो."