घरी शिकणारीचे चौऱ्याण्णव टक्के

‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’ हे शब्द लाउडस्पीकरवर ऐकले की मला मळमळतं. लाक्षणिक अर्थाने नाही, अगदी पोटातून. आमच्या गिरगावातल्या वाडीत दर गणपतीत हा सोहळा होतो. पोरांच्या मार्कशीट गोळा करायच्या, टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने त्यांना स्टेजवर बोलवायचं, आणि शेवटच्या पोराच्या वाट्याला उरल्यासुरल्या टाळ्या द्यायच्या. कधीकाळी पहिला नंबर आलेले इथले काका पन्नाशी उलटली तरी तेच सांगत फिरतात. त्यानंतर आयुष्यात काय केलं ते मात्र विचारायचं नाही.

मुलीला आम्ही शाळेतून काढलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेत जाण्याआधी प्रश्न विचारून जीव खाणारी पोर. शाळेत गेल्यावर हळूहळू एकच प्रश्न उरला, ‘हे परीक्षेला आहे का?’ कावळ्यांबद्दल काही सांगायला जावं, तरी तेच. रोज सकाळी पोटात दुखायचं आणि डॉक्टरांना काही सापडायचं नाही. शेवटी मी म्हटलं, पुरे. मी घरूनच भाषांतरांची कामं करते, तिला मीच शिकवीन. नवरा म्हणाला, ‘तुला झेपत असेल तर बघ.’ म्हणजे अंग काढून घेऊन मोकळा झाला.

पहिले कित्येक महिने ती नुसती लोळली. गॅलरीतून जाणारे-येणारे थांबून विचारायचे, ‘काय गं, सतरा सक्कं किती?’ ती आत पळायची. मग त्यांचे चेहरे फुलायचे. पोरीला येत नाही याचा झाला तेवढा आनंद मी दुसऱ्या कशाचा झालेला पाहिला नाही त्यांना.

दादरला घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक ग्रुप होता, तिथे मी आशेने गेले. तिथे तर वेगळीच तऱ्हा. ‘मुलांना मोटिव्हेट कसं ठेवायचं’ यावर चर्चा. एकीने भिंतीवर तक्ता लावला होता. पान वाचलं की एक तारा, दहा ताऱ्यांना आइस्क्रीम. तिचा मुलगा पान उलटायचा आणि तक्त्याकडे बघायचा, पुन्हा पान, पुन्हा तक्ता. आई कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढत होती. कुत्र्याला शेकहँड शिकवतात तसं चाललं होतं ते. मी पुन्हा काही तिकडे फिरकले नाही. दुसरा कुठला उपाय माझ्याकडे नव्हता, पण निदान त्या ताऱ्यांची मला किळस तरी आली होती.

आणि मग, कोणी काही न करता, पोर समुद्राच्या नादी लागली.

चौपाटी आम्हाला चालत दहा मिनिटांवर. उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिने काल कोरड्या असलेल्या जागी चपला काढून ठेवल्या आणि त्या भिजल्या. ‘काल या वेळेला पाणी तिकडे होतं. आज इथे कसं?’ मी म्हटलं, आजोबांना विचार. घरी आल्यावर तिने आजोबांना गाठलं. आजोबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना बाबा म्हणते; ते कोकणातले, खाडीकाठच्या गावातून नोकरीला इथे आलेले. ते म्हणाले, ‘सोपं आहे. तिथीची पाऊणपट कर. पूर्ण भरतीची वेळ येते.’

‘पाऊणपट म्हणजे?’

झालं. बाबांनी मांडी ठोकून लहानपणी पाठ केलेला पाऊणकीचा पाढा म्हणायला सुरुवात केली. ज्या पोरीला अपूर्णांक म्हटलं की रडू यायचं, तिला आठवड्याभरात पाऊण, सव्वा, दीड तोंडपाठ. का, तर तिला पाणी कधी येणार ते हवं होतं. मी काही शिकवलं नाही. मी फक्त मध्ये तडमडले नाही, आणि त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही तरी ते मी घेणार आहे.

पौर्णिमा आली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी आम्ही दोघी उन्हात वाळूवर उभ्या. सव्वाअकरा वाजले तरी पाणी आपलं चढतंच आहे. पार बाराच्या सुमाराला ते थांबलं. तिच्या आनंदाला पारावार नाही. ‘आजोबांचं चुकलं!’ ओरडत ती घरापर्यंत धावली. बाबा चिडले, पंचांग नीट बघ म्हणाले. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच. मग दोन दिवसांनी तिने जाहीर केलं, ‘आजोबा, तुमचं चुकलं नाही. तुमच्या गावाला पाणी आधी पोचतं. आपल्याकडे ते उशिरा येतं.’

बाबांनी चष्मा काढला. मग डोळे पुसले. मग शर्ट घालून खाली गेले आणि वाडीभर सांगून आले. तिथेच घोटाळा झाला. कारण आमच्या वाडीत कौतुक ठेवायला जागा एकच, स्टेज.

गणपतीत सत्काराच्या दिवशी बाबा म्हणाले, पोरीला जरा चांगला फ्रॉक घाल. मला वाटलं, नाचबिच असेल. आम्ही खुर्च्यांवर जाऊन बसलो आणि माईकवरून आवाज आला, ‘आता एक वेगळी गुणवंत! शाळेत न जाता, घरच्या घरी अभ्यास करून मिळवले आहेत तब्बल चौऱ्याण्णव टक्के!’

टाळ्या कडाडल्या. सतरा सक्कं विचारणाऱ्यांच्या सगळ्यात जास्त. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. कोणीतरी तिला हाताला धरून वर नेलं. प्रमुख पाहुण्यांनी तिच्या गळ्यात दप्तर अडकवलं. हो, दप्तरच. शाळेत न जाणाऱ्या मुलीला दप्तर, आणि त्यावर पाहुण्यांचाच हसरा फोटो. ‘असाच अभ्यास करत राहा बाळा, पुढच्या वर्षी पंच्याण्णव,’ ते म्हणाले.

घरी आल्या आल्या मी बाबांना विचारलं, ‘हे टक्के कुठून आणलेत?’

‘अगं, मंडळाचा सेक्रेटरी ऐकेचना. म्हणाला, टक्के नसतील तर नाव घालू कुठे? मग सांगून टाकले. पोरीला तेवढाच हुरूप.’

‘पण चौऱ्याण्णवच का?’

‘नव्वदच्या खाली बरं दिसलं नसतं.’

‘मग शंभर का नाही?’

‘शंभर कोणी खरे मानले नसते,’ बाबा अगदी मनापासून म्हणाले.

या माणसावर माझा राग निघेना, कारण त्यांनी ते प्रेमानेच केलं होतं. पण त्या प्रेमाचाही मला त्या दिवशी वीट आला. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाने नातीसाठी सगळ्यात पटेल असा आकडा निवडला होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मुलगी म्हणाली, ‘आई, माझे सहा कशात गेले?’

मी तिला सगळं सांगितलं. परीक्षा झालीच नाही, आकडा आजोबांच्या मनाचा, सहा कुठेही गेले नाहीत. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘भरतीत गेले असणार. माझी वेळ दर वेळी चुकते ना.’

‘अगं, ती चुकते म्हणून तर तुला कळलं!’

तिने मान हलवली. मोठ्यांची समजूत काढताना हलवतात तशी.

त्यानंतर भाद्रपदातली अमावास्या आली. मीच म्हटलं, चल. ती आली, पण वाटेत एकदाही पुढे पळाली नाही. पुन्हा पंधराची पाऊणपट, पुन्हा सव्वाअकरा. आम्ही पाण्याच्या कडेला उभ्या राहिलो. सव्वाअकरा वाजले. एक लाट तिच्या बोटांना लागली, पुढची घोट्यापर्यंत आली.

‘आलं,’ ती म्हणाली. ‘बरोबर सव्वाअकराला. आजोबांना सांग.’

‘नीट बघ. अजून चढतंय.’

‘नाही चढत. भरलं पूर्ण. चल ना आई.’

तिच्या पावलांवरून पाणी मागच्या कोरड्या वाळूवर चढत चाललं होतं, फ्रॉकची कड भिजली होती, आणि ती खाली बघायला तयार नव्हती.