काकूंचे तीन तास आणि आवाजापेक्षा वेगवान विमान

रविवारी देवासला काकूंकडे गेलो होतो. पोह्यांवर शेव घालता घालता त्यांनी विचारलं, "अरे, ते चोचवालं विमान साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्कला जातं, हे सच्ची आहे का?"

आता मला विमानांबद्दल विचारणं म्हणजे... घरचे सगळे असे प्रश्न टाळतात! काकूंना कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. पाहिला, तर जुनं कॉनकॉर्ड.

मी सुटलोच. आवाजाच्या दुप्पट वेग, नाक खाली झुकवून उतरणं, आणि वरून जाताना असा धडाका की बऱ्याच देशांनी जमिनीवरून त्या वेगानं उडायलाच बंदी घातली... आपल्या देवासच्या टेकडीवरून गेलं असतं तर तिथल्या देवळातल्या देवीच्या घंटा आपोआप वाजल्या असत्या, असंही ठोकून दिलं. तिकीट तर राजेमहाराजांनाच परवडेल असं. बोलता बोलता पोहे गार झाले.

काकू ऐकत होत्या, पण हसत नव्हत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी ते तीन तास घालवले नसते, तर मिलिंद पोचला असता."

मिलिंद त्यांचा मुलगा, न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांपूर्वी काका पहाटे पाचला गेले, तेव्हा तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. जेवत्या माणसाला अशी बातमी देऊ नये, ही आमच्या घरातली जुनी रीत... म्हणून काकूंनी तीन तासांनी फोन केला. इकडे सूर्यास्ताच्या आत सगळं उरकलं, आणि मिलिंदला वडिलांचं तोंड पाहता आलं नाही.

तो व्हिडिओ आल्यापासून काकू हे मनात घेऊन बसल्या होत्या. आणि मी मघापासून उत्साहात बडबडतोय... मला एकदम कसंसंच झालं.

"काकू, ते विमान वीसेक वर्षांपूर्वीच बंद झालं. नवीन बनवताहेत, पण अजून चाचण्याच चालल्यात."

"मला समजवायचं म्हणून सांगू नको. समजा, असतं तर? बरोबर हिसाब लाव."

मग एका लग्नपत्रिकेच्या मागे आम्ही दोघं तास मांडत बसलो. मिलिंदच्या घरून विमानतळ आणि तिथली तपासणी... चार. एका टाकीत ते भारतापर्यंत येत नाही, मध्ये तेल भरायला उतरणार. जमिनीवरून सावकाश. म्हणजे मुंबईपर्यंत दहा तरी. मग इंदूरचं विमान.

"इंदूरहून इथपर्यंतची टॅक्सी लिहिलीस का?" काकू चष्मा सावरत म्हणाल्या.

लिहिली. सतरा तास झाले. म्हणजे पाचच्या ठोक्याला फोन केला असता, तरी रात्रीचे दहा.

काकूंनी बेरीज दोनदा तपासली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "म्हणजे निदान पोरगा त्या रात्री जेवला तरी."

या विमानाचं मला लहानपणापासून वेड. त्याच्या वेगाचं कौतुक मी अनेकांना ऐकवलंय... पण ते वेळेत पोचलं नसतं, याचा आनंद मात्र परवा पहिल्यांदाच झाला.