काकूंच्या साडीचा रंग

मंडळी, आज खूप थकून घरी आलोय, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळपासून राजूरला फोटो काढत फिरत होतो. कोळशाच्या गावात काळा-पांढरा फोटोच शोभतो, असं माझं ठाम मत. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यात रंग बंदच करून ठेवले होते.

खाणीतून रिटायर झालेले एक काका आणि काकू दारात बसले होते. फोटो काढू का म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "थांबा भाऊ, मी आलीच." पंधरा मिनिटांनी तोंड धुऊन, पोपटी रंगाची नवी साडी नेसून आल्या.

फोटो झकास आला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उठून दिसत होती. मी कौतुकाने स्क्रीन दाखवली.

काकूंनी कॅमेरा जवळ ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "माह्या साडीचा रंग कुठी गेला?"

"असेच फोटो भारी दिसतात, काकू."

काका हळूच म्हणाले, "भाऊ, खाणीत जिंदगीभर काळंच पाह्यलं. वर आलो का हिची रंगाची साडी पाहून बरं वाटे मले."

मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेलो. रंग चालू करून दुसरा फोटो काढला. ऊन डोक्यावर आलं होतं, फोटो अगदी साधा आला. काकू मात्र तो पाहून खुदकन हसल्या. तोच प्रिंट करून त्यांना नेऊन देणार आहे.

दहा वर्षं लोकांचे काळे-पांढरे फोटो काढतोय. "तुम्हाला कसा पाहिजे?" असं आजवर एकालाही विचारलं नाही. तुम्ही विचारता का?