हरिहरभेट आणि एक रूममेट

नाशिकला जायचं ठरलं ते सौरभच्या फोनमुळे. सौरभ माझा भाचा. गंगापूर रोडला अमोलबरोबर राहतो. दोघं जोडीदार आहेत, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. "मावशी, वैकुंठ चतुर्दशीला ये. हरिहरभेट बघ, ब्लॉगला विषय होईल. आणि आईला आमचं तूच सांग ना, ती तुझंच ऐकते." मी लगेच हो म्हटलं. लोकांच्या ढोंगाची सालटी काढून नाव कमावलेली बाई मी, मला कुणाची भीती?

पुण्याहून अंधारातच निघा. चाकणला उजाडलं तर ट्रॅफिकमध्ये तिथेच संसार थाटावा लागतो. सिन्नरनंतर रस्ता शहाण्यासारखा वागतो. नाश्त्याला मिसळच खा. रस्सा हवा तितका मिळतो आणि दीडशेच्या आत पोट भरतं. नाशिकला पोचलात की गाडी मुक्कामाच्या जागी ठेवून गावात रिक्षाने जा. भाडं आधी ठरवा.

मिसळ खाता खाता मी दोघा पोरांसमोर प्रवचन सुरू केलं. विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं. हा विष्णूच आहे हे माहीत असूनही महादेव तिच्यामागे धावले, तेही पार्वतीदेखत! तिकडे ग्रीकांचा अपोलो एका राजपुत्रासाठी ढसाढसा रडला आणि त्या राजपुत्राच्या रक्तातून फूल उगवलं. "देवांनी कधी लपवलं नाही रे," मी पापड मोडत म्हणाले. "लाजायचं खूळ आपलं."

"मावशी, रस्सा गार होतोय," अमोल म्हणाला. तो कळवणचा. ऐकून घेतो आणि हसतो.

गोदावरीच्या एका काठाला कपालेश्वर महादेव, पलीकडे सुंदरनारायण, म्हणजे विष्णू. दोघांच्या भेटीचा मुख्य सोहळा मध्यरात्री होतो, पण गर्दी सोसत नसेल तर आमच्यासारखे दुपारीच जा. एरवी महादेवाला बेल आणि विष्णूला तुळस; आज उलटं. एकाचं आवडतं पान दुसऱ्याला. सौरभच्या हातात तुळस होती, अमोलच्या हातात बेल. दोघं एकमेकांना खेटून पायऱ्या चढत होते. मी फोटो काढला. झकास आला.

तेवढ्यात मागून हाक आली. आमच्या जुन्या सोसायटीतल्या वहिनी!

"अगं, तू इथे? आणि ही मुलं कोण?"

"हा माझा भाचा, सौरभ."

"आणि हा?"

मी अमोलकडे पाहिलं. "हा... त्याचा रूममेट. भाडं परवडत नाही ना हल्ली!"

"दोघांसाठी मुली बघताय की नाही?"

"बघतोय की!"

कुणी मागितलं नव्हतं ते खोटंही मी देऊन टाकलं. वहिनी गर्दीत दिसेनाशा झाल्या.

"मावशी," अमोल हळूच म्हणाला, "महादेवांना कुणी मोहिनीचं विचारलं असतं, तर तेबी रूममेटच म्हणले असते का हो?"

तो हसला. मला हसता आलं नाही. सौरभ तुळशीच्या काड्या मोडत उभा होता. "आईचं राहू दे," तो म्हणाला. "आमचं आम्ही बघू."

परत येताना सिन्नरला चहा घेतला. चांगला असावा, चव आठवत नाही.

घरी आल्यावर आठवडाभर त्या फोटोखाली ओळ सुचेना. शेवटी सौरभला विचारलं, हे सगळं लिहू का? त्याचा मेसेज आला:

"आईला सांगितलं आम्ही. रडली, मग अमोलला जेवायला बोलावलंन. लिही तू. फोटो टाकू नकोस, आमची नावं बदल. तुझं तेवढं बदलू नकोस."