रुदैनाने गल्लीचे दिवे घालवले

ज़ाहरिया मोहल्ल्यात रुदैनाला ओळखत नाही असा माणूस एक तर कालच राहायला आलेला असतो, नाहीतर ठार बहिरा. तिचा आवाज आधी येतो आणि ती मागाहून. लेबनॉनच्या या तराबलुस शहरात मोठ्याने बोलणाऱ्या बायकांचा तसा काही तुटवडा नाही, पण रुदैनाने तोंड उघडलं की समोरच्याने आपलं म्हणणं गिळावं आणि मुकाट्याने कॉफी मागवावी, हेच बरं. हे तक्रार म्हणून नव्हे बरं का. तिच्या त्या तोंडावरच तर नझीहचा धंदा उभा राहिला.

नझीह तिचा नवरा. काचेच्या नळ्या आचेवर वाकवून त्यांची अक्षरं करणारा, दुकानांवर रात्री लाल-निळ्या पेटतात त्या पाट्यांचा कारागीर. लग्न ठरायच्या आधी रुदैना दन्नियेच्या डोंगरातून बापाबरोबर त्याला बघायला आली, तेव्हा हा पठ्ठ्या भट्टीच्या टेबलापाशी उभा होता. तोंडात रबरी नळी, नळीचं दुसरं टोक तापलेल्या काचेत, गाल फुगलेले. काच वाकवताना ती आतून चेपू नये म्हणून सतत फुंकत राहावं लागतं. ते हिला काय ठाऊक! बापाने सलाम केला, याने नुसती मान हलवली. बापाने तब्येत विचारली, पुन्हा मान. रुदैना बापाच्या कानात म्हणाली, "बाबा, पोरगा देखणा आहे हो, पण मुका दिसतोय."

मुका नव्हता, पण फार फरकही नव्हता. काम करताना तोंडात नळी, आणि काम नसेल तेव्हा बोलायची सवय गेलेली. म्हणून मग गिऱ्हाईक आलं की रुदैनाच बोलायची. कोणता रंग, किती उंच, कधी मिळेल, कमी होणार नाही, उगाच वेळ खाऊ नका. गिऱ्हाइकाने नझीहकडे बघायचं, नझीहने नळी तशीच तोंडात ठेवून हिच्याकडे बघायचं, आणि हिने निकाल द्यायचा. अशी सगळी वर्षं गेली आणि झकास गेली.

मग देशातली वीज गेली. सरकारी वीज दिवसातून कधी तासभर येते, कधी तेवढीही नाही. बाकीचा बराच वेळ गल्लीतल्या जनरेटरवर. त्याचा मालक अबू सख़्र ज्याच्या-त्याच्या घरी वायर टाकून मोजून वीज देतो. त्या विजेवर एक फ्रीज चालला तरी लोक अल्लाचे आभार मानतात, काचेच्या पाट्या कोण पेटवणार? ज्यांना पाटी हवीच, ते चिनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावू लागले. नझीहने दोन हिवाळे भट्टी पेटवली नाही. टेबलावर रुदैना लोणच्याच्या बरण्या ठेवायला लागली, आणि त्याने तेही चालवून घेतलं. तिच्या काळजात तिथेच चर्र झालं.

एके दिवशी तो जेवता जेवता म्हणाला, "भट्टी विकली. मीना बंदरावरच्या ख़ल्दूनला. हुक्क्याच्या काचा दुरुस्त करतो तो. या शुक्रवारी नमाज़ाच्या आधी घेऊन जाईल."

इतकी वाक्यं तो वर्षभरात एकदम बोलला नव्हता. रुदैनाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. 'विकू नका' असं ती म्हणाली नाही. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. तसं म्हटलं असतं तर तो ख़ल्दूनला त्याच संध्याकाळी घेऊन आला असता.

"बरं," ती म्हणाली. "ऑलिव्ह वाढू का अजून?"

पण डोकं कामाला लागलं होतं. रंगाच्या दुकानात गल्ल्यापाशी दुबईहून निघणारं एक मासिक पडलेलं असतं, पाट्या करणाऱ्यांचं. त्यात नव्या यंत्रांच्या जाहिराती, गुळगुळीत कागद, आणि मधे एखाद्या कारागिराचं काम. रुदैना ते नेहमी उभ्या उभ्या चाळायची आणि नाक मुरडायची. 'यापेक्षा माझा नवरा शिंकला तरी बरं अक्षर निघेल!' त्याच मासिकाने जाहीर केलं होतं, की पुढचा अंक हाताने वाकवलेल्या काचेच्या पाट्यांवर. दुसऱ्या दिवशी तिने सरळ दुबईला संपादकाला फोन लावला.

"तुम्ही 'वर्दा' बघितली आहे का?" तिने विचारलं.

"कोण वर्दा?"

"कोण वर्दा म्हणे! आणि हे पाट्यांचं मासिक काढतात!"

'वर्दा' म्हणजे हाज मम्दूहचं सरबतांचं दुकान, रुदैनाच्या दारासमोरच. आईचं नाव दिलं होतं त्याने दुकानाला. त्याची पाटी नझीहने बनवली होती. अरबीत चार अक्षरं, गुलाबी-लाल. शेवटच्या अक्षरावर तर त्याचा जीव होता. खाली गोल वेटोळं, वर दोन ठिपके, आणि सगळं एकाच अखंड नळीत, मधे कुठेही जोड नाही. असं करायला जाऊन किती नळ्या तडकल्या होत्या ते त्यालाच ठाऊक. पाटी लागली आणि थोड्याच दिवसांत वीज गेली. तेव्हापासून ती धूळ खात होती.

संपादकाने शेवटी हात टेकले. बैरूतची एक छायाचित्रकार गुरुवारी येईल म्हणाला. अट एकच, पाटी खरोखर पेटलेली हवी. स्वीडनला असलेला मुलगा यामिन फोनवर म्हणाला, "आई, साधा फोटो काढा ना, उजेड मी कॉम्प्युटरवर भरून देतो."

"उजेड कॉम्प्युटरवर भर, भूक लागली की जेवण पण कॉम्प्युटरवर जेव," रुदैना म्हणाली. तिला फोटो मासिकात हवा होताच, त्याची ऐट ती मिरवणारच होती. पण त्याहून जास्त तिला हवं होतं ते असं, की भट्टी जायच्या आधी नझीहने ती पाटी एकदा पेटलेली बघावी. त्यानंतरही विकली तर विकली. तो विकणार नाही याची तिला खात्री होती. अशी खात्री तिला सगळ्याच बाबतींत असते म्हणा.

आता वीज. अबू सख़्र जनरेटरच्या खोलीत बनियनवर बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. यामिनची आई म्हणून गल्ली रुदैनाला 'उम्म यामिन' म्हणते.

"उम्म यामिन, तिन्हीसांजेला? सगळ्या गल्लीचे दिवे, टीव्ही, मशीन तेव्हाच चालू. त्यात तुझी पाटी टाकली तर माझं इंजिन बसेल. तुला द्यायची तर दुसऱ्या कुणाची तरी काढावी लागेल."

"काढ."

"कुणाची काढू? माझ्या अंगावर येतील लोक!"

"लोक मी बघते. तू फक्त बटण बघ."

आणि निघाली. जिना चढ, दार ठोक, जिना उतर. गुरुवारी सूर्य बुडताना थोडा वेळ सगळं बंद ठेवायचं, फ्रीजसुद्धा. कुणाला गोड बोलून, कुणाला दमात घेऊन, कुणाला जुन्या उपकारांची आठवण करून देऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या इन्साफबाई, सित्त इन्साफ, काही ऐकेना.

"गुरुवारी माझं धुणं असतं," ती म्हणाली.

"शुक्रवारी धू."

"शुक्रवारी सून येते."

"मग तर बरंच! सुनेला धुवायला लाव."

इन्साफ हसली आणि तिथेच हरली. रुदैनाचं हे असं असतं, माणूस हसला की तिने अर्धा किल्ला घेतलाच. गुरुवारपर्यंत सगळी गल्ली कबूल झाली होती. काही प्रेमाने, काही हिचा पिच्छा सुटावा म्हणून.

छायाचित्रकार आली, लमीस नावाची तरणी पोर, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. हाज मम्दूहने दुकानाची काच पुसली, तिला कैरोबच्या शेंगांचं सरबत पाजलं. नझीहला रुदैनाने ओढूनच आणलं. तो फूटपाथवर हाताची घडी घालून उभा राहिला, जणू दुसऱ्या कुणाच्या पाटीला आलाय. सूर्य समुद्रात गेला. रुदैनाने गल्लीच्या मधोमध उभं राहून हाक दिली, "घालवा रे!"

आणि एकेक खिडकी काळी झाली. सगळे लोक बाल्कनीत येऊन उभे राहिले, पोराबाळांसकट. टीव्हींचे आवाज थांबले. अबू सख़्रने बटण दाबलं.

'वर्दा' पेटली. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. चौथं पेटलंच नाही.

तेच अक्षर. वेटोळं आणि दोन ठिपके, काळे ठिक्कर. कधीतरी नळीला बारीक तडा जाऊन आतला वायू निसटला होता. आधी पेटवून बघावं हे रुदैनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नझीहची काच, आणि पेटणार नाही? असं कधी झालंय?  जन्मात पहिल्यांदा तिला लोकांकडे बघायची लाज वाटली. सगळ्या गल्लीला अंधारात बसवलं मी, आणि हे दाखवायला? तिला रडू यायला लागलं.

"तीन अक्षरांचा काढू का फोटो?" लमीसने हळूच विचारलं.

"नाही."

हे नझीह बोलला. लोकांनी वळून बघितलं. तो पाटीखाली गेला, मान मागे टाकून त्या काळ्या अक्षराकडे बघत राहिला. मग हाज मम्दूहला म्हणाला, "शिडी दे."

अक्षर उतरवून, ओल्या पोराला टॉवेलात घ्यावं तसं छातीशी धरून तो घरी गेला. लमीस रात्री रुदैनाकडेच राहिली. वरून इन्साफ ओरडली, "उम्म यामिन, उद्या पुन्हा घालवायचे का दिवे? आधी सांग, म्हणजे धुणं शनिवारी टाकते!" गल्लीची अब्रू आता त्या एका अक्षराला बांधली गेली होती. बैरूतची पोर परत जाऊन काय सांगणार, की ज़ाहरियाची पाटी लंगडी आहे?

मासिकाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. छापलं. दोन पानं भरून. एका पानावर अंधारी गल्ली आणि तिच्यात चारी अक्षरं पेटलेली, बाल्कन्यांतले चेहरे गुलाबी. दुसऱ्या पानावर नझीह भट्टीपाशी, गाल फुगलेले, आणि कडेला अर्धी रुदैना. तिचं तोंड मिटलेलं आहे. तो अंक अबू सख़्रच्या खोलीत भिंतीला लावलाय, हाज मम्दूहच्या गल्ल्यावर आहे, आणि रुदैनाच्या पिशवीत तर कायम असतो. तुम्ही नको म्हटलं तरी ती दाखवते. "तोंड मिटलेलं बघून घ्या," म्हणते, "पुन्हा दिसायचं नाही."

ते मिटलेलं तोंड शुक्रवारी सकाळचं.

सकाळी रुदैना उठली तेव्हा लोणच्याच्या बरण्या ओळीने जमिनीवर ठेवलेल्या होत्या आणि टेबल पुसून लख्ख केलं होतं. भट्टी पेटली होती. तो निळ्या ज्योतीचा आवाज, ती आच, तापल्या काचेचा तो वास. रुदैना दारातच थांबली आणि तिचे डोळे भरून आले. लमीसने कॅमेरा काढला. थोड्या वेळाने अबू सख़्र स्वतः खांद्यावर मनगटाएवढी जाड केबल घेऊन आला. अक्षर वाकवून झाल्यावर नळीतली हवा उपसून तिला विजेचा जबर तडाखा द्यावा लागतो, तेव्हा कुठे ती आतून स्वच्छ होते आणि वायू भरता येतो. जनरेटर एरवी सकाळी बंद असतो.

"तुझ्यासाठी नाही हां चालू केलाय," तो रुदैनाला म्हणाला. "मला बघायचंय हा कसा करतो ते."

नझीहने वेटोळं वळवलं होतं, एक ठिपका झाला होता, दुसरा बाकी होता. तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला आणि मीनाचा ख़ल्दून दोन हमाल घेऊन आत आला.

"सलाम अलैकुम, उस्ताद! उशीर झाला का? चला रे, त्या बाजूने धरा."

नझीहच्या तोंडात नळी. हातात लालभडक काच. त्याने नुसते डोळे वर केले. मग सगळ्यांनी नेहमीसारखं रुदैनाकडे बघितलं, ख़ल्दूनने, अबू सख़्रने, लमीसने. इतकी वर्षं हेच होत आलं होतं. गिऱ्हाईक विचारणार, हा फुंकणार, ती सांगणार. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. ख़ल्दूनच्या सात पिढ्यांना पुरलं असतं इतकं. पण भट्टी तिची नव्हती. तिने दातांखाली जीभ धरली आणि दोन्ही ओठ गच्च मिटून घेतले.

खोलीत नुसता भट्टीचा आवाज. ख़ल्दूनला वाटलं, झालं, कबूल आहे. त्याने टेबलाच्या कडेला हात पुढे केला.

नझीहने दुसरा ठिपका वळवला. अक्षर अलगद पाटावर ठेवलं, नजर वरून एकदा फिरवली. मग तोंडातली नळी काढली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "भट्टी गरम आहे."